जवळचा बोअर चांगला, लांबच्या विहिरीलाच वास!

प्रश्न : आमच्या गावाबाहेर रस्त्याला लागून पेट्रोल पंप होता. तो बंद पडून सहा वर्षे झाली. यंदा पाऊस चांगला झाला, विहिरी काठोकाठ आल्या आणि दिवाळीच्या सुमारास आमच्या विहिरीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येऊ लागला. वर तवंगही दिसतो. पंपाला खेटून एक हॉटेल आहे, त्यांच्या बोअरचे पाणी मात्र चांगले. आमची विहीर तिथून चारशे फूट तरी लांब. पाणी तपासून आणले तर रिपोर्ट ‘पिण्यास योग्य’. मग वास कसला? आणि जमिनीखाली तेल मुरले आहे की नाही, हे वर उभे राहून शोधतात तरी कसे? — एक शेतकरी वाचक

उत्तर : प्रश्नांकडे वळण्याआधी एक लांब काडी घ्या आणि तवंगातून फिरवा. काडी गेली तिथे तवंग काचेसारखा तडकला, त्याचे तुकडे होऊन ते तसेच तरंगत राहिले, तर ते तेल नव्हे. लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा तो पापुद्रा असतो. इंद्रधनुष्याचे रंग त्यालाही असतात आणि कितीतरी चांगल्या विहिरींत, ओढ्यांच्या डबक्यांत तो दिसतो. काडीमागे तवंग लगेच मिटून आला, जणू काडी फिरलीच नाही, तर तेल समजा. माझ्या पिशवीतले हे सर्वांत स्वस्त उपकरण. त्याने माझे दोनचार हेलपाटे तरी वाचवले आहेत.

तेल ठरले, तरी पहिला संशयित पंप नव्हे. विहिरीवर कधी ऑइल इंजिन होते का? मी गेलो की पंपाकडे जाण्याआधी इंजिनाच्या ओट्याखालची माती उकरून पाहतो. वीस वर्षे डबक्याडबक्याने सांडलेले डिझेल काठावरून सरळ विहिरीत उतरते, आणि मालकाला ते आठवतही नाही. ‘रॉकेलसारखा’ वास म्हणालात, तो डिझेलचा असू शकतो किंवा हलके घटक उडून गेलेल्या जुन्या पेट्रोलचाही. नाकाने एवढेच कळते.

आणि एक ताकीद, ती मात्र आजच पाळा. विहिरीत कोणी उतरू नका, काठावर बिडी पेटवू नका आणि आतल्या बाजूला बसवलेली मोटार सुरू करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती विहिरीत पाण्यासारखी साठून राहते. हवेत ती दीड टक्क्याच्या आत असली तरी ठिणगीला पुरते.

आता त्या रिपोर्टविषयी. त्यात काय तपासले आहे ते वाचा. क्षार, जडपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, कोलिफॉर्म. बेंझीन कुठे आहे का? नसणार. प्रयोगशाळा खोटे बोललेली नाही, तिला तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. तुम्ही पाणी बहुधा मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, मोटारसायकलच्या डिकीत घालून उन्हातून नेले असेल. चाचणी मागितली असती तरी तालुक्याला पोचेपर्यंत निम्मा पुरावा बाटलीच्या वरच्या मोकळ्या हवेत गेला असता. पेट्रोलच्या घटकांसाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी लागते, टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या झाकणाची. ती फुगून वर येईल इतकी भरायची, झाकण लावून उलटी धरायची आणि टिचकी मारायची. वाटाण्याएवढा बुडबुडा दिसला तरी दुसरी कुपी घ्यायची. आत हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकतात, नाहीतर वाटेत जिवाणूच बेंझीन फस्त करतात. मग बर्फाच्या पेटीत ठेवून चौदा दिवसांच्या आत तपासणी. प्रयोगशाळेला ‘बीटीईएक्स’ म्हणा, म्हणजे बेंझीन, टोल्यूइन, इथाइलबेंझीन आणि झायलीन. जोडीला ‘टीपीएच’, म्हणजे एकूण पेट्रोलजन्य हायड्रोकार्बन. हे सगळीकडे होत नाही, आधी फोन करून विचारा.

एवढा खटाटोप बेंझीनसाठी. ते कर्करोगकारक आहे आणि पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नसावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाण्यातले नुसते बेंझीन नाकाला कळायला याच्या शंभरपटीहून जास्त लागते. तुम्हाला येतो तो वास बराचसा टोल्यूइन-झायलीनसारख्या भावंडांचा. म्हणून वास गेला की पाणी सुधारले, असे धरून चालू नका.

जवळचे चांगले आणि लांबचे बाटले, हा तुमच्या पत्रातला सगळ्यांत मोलाचा तपशील. गावात यावरून भांडणे लागतात. पंपवाला म्हणतो, माझ्या शेजारचा बोअर चांगला आहे, मग तुमच्याकडे माझे तेल कसे येईल? ऐकायला बिनतोड वाटते. पण आपल्या काळ्या दगडात अंतराला फारसा अर्थ नसतो.

पेट्रोलचे वजन लिटरला पाऊण किलोच्या आसपास, डिझेलचे थोडे अधिक. दोन्ही पाण्यापेक्षा हलकी. टाकीतून गळलेले पेट्रोल सरळ खाली जाते आणि भूजलाच्या पातळीवर पोचले की तिथेच पसरते. तुमच्याकडे वरून काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, त्याखाली घट्ट पाषाण, मध्ये कुठे गेरूचा तांबडा पट्टा, असाच क्रम असेल. विहीर खणणाऱ्याला तो तोंडपाठ असतो. तुमची विहीर चारपाच परसांची, म्हणजे ती पाणी घेते मुरूम-मांजऱ्याच्या वरच्या थरातून. पेट्रोल तरंगते तेही याच थरात. हॉटेलचा बोअर दोन-तीनशे फूट असेल, वरच्या भागात लोखंडी केसिंग असेल, आणि त्याला पाणी येत असेल पाषाणाच्या खालच्या कुठल्यातरी भेगेतून. तो पंपाला चिकटून असला तरी खाली वेगळ्याच मजल्यावर राहतो. केसिंग किती फूट उतरवले आहे ते मात्र हॉटेलवाल्याला विचारून ठेवा. ते आखूड असेल तर आजचे चांगले पाणी उद्याही चांगले राहील, असे मी लिहून देणार नाही.

पंपाच्या टाक्या खड्ड्यात बसवून भोवती वाळू भरतात. आपल्या भागात तो खड्डा खडकात खोदलेला असतो, म्हणजे वाळूने भरलेला हौदच. पावसात त्यात पाणी भरते, गळलेले पेट्रोल त्यावर चढते आणि हौदाची कड जिथे सर्वांत खाली किंवा फुटकी असेल तिथून बाहेर पडते. वर कुठे नळयोजनेची चारी जवळून गेली असेल तर तीही वाळूचीच, पेट्रोलला आयता रस्ता. खडकात शिरले की सांध्यांच्या दिशेने जाते. दहा पावलांवरची विहीर वेगळ्या सांध्यावर असेल तर ती स्वच्छ राहते, आणि चारशे फुटांवरची गाठली जाते.

हे सगळे सहा वर्षांनी आणि दिवाळीलाच का उगवले? मातीला तेल धरून ठेवायची सवय असते. बारीक मातीचा एक घनमीटर दहावीस लिटर पेट्रोल सहज अडवून ठेवतो आणि सोडत नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की वरचे तेल त्याच्या पाठीवर बसून खाली उतरते, वाटेतला मुरूम चोपडत. पावसाळ्यात पाणी चढते ते या चोपडलेल्या थरातून. कमी पावसाच्या वर्षांत ते त्या उंचीला पोचत नाही. यंदा पोचले.

बेसॉल्टमधल्या, म्हणजे या काळ्या दगडातल्या, अशा शोधाचे गेल्या काही वर्षांतले सर्वांत गाजलेले प्रकरण हवाई बेटांवरचे. होनोलुलूजवळ रेड हिल नावाच्या डोंगरात अमेरिकेच्या नौदलाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात २० टाक्या कोरून बसवल्या. प्रत्येक अडीचशे फूट उंच, शंभर फूट रुंद, साधारण पावणेपाच कोटी लिटरची. तळ भूजलापासून जेमतेम शंभर फूट वर. खडक आपल्या सह्याद्रीचा चुलतभाऊच, लाव्ह्याच्या थरांवर थर. आपला ६.६ कोटी वर्षांचा म्हातारा आणि बऱ्याच भेगा बुजलेला, त्यांचा तुलनेने कालपरवाचा आणि भगदाडांचा. जानेवारी २०१४मध्ये एका टाकीतून लाखभर लिटर विमानाचे इंधन गेले. २० नोव्हेंबर २०२१ रोजी पुन्हा गळती झाली आणि काही दिवसांतच नळाला इंधनाचा वास येऊ लागला. सुमारे ९३ हजार माणसे त्या पाण्यावर होती. मार्च २०२२मध्ये तो साठा कायमचा बंद करण्याचा आदेश निघाला.

त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. नोव्हेंबरात सांडलेले इंधन खरे तर मे महिन्यातच निसटले होते आणि आग विझवण्याच्या यंत्रणेच्या निचरा-नळात सहा महिने पडून होते. एका गाडीचा धक्का बसून तो नळ तुटला, तेव्हा ते बाहेर आले. साठ्याच्या हिशेबात मेमध्येच वीस हजार गॅलनच्या आसपास तूट दिसत होती. म्हणजे पहिला पुरावा कागदावर होता.

आपल्या पंपावरही तो असतो. रोज सकाळी टाकीत डिप मारतात, काठीच्या टोकाला पाणी ओळखायची पेस्ट लावून. किती आले, किती विकले, किती उरले, सगळे रजिस्टरात. थोडी तूट रोजचीच असते. ऊन आणि पेट्रोल यांचे नाते असे की बारा हजार लिटरच्या टँकरमध्ये दहा अंशांच्या फरकाने शंभराच्या वर लिटर वाढतात किंवा घटतात. म्हणून एका दिवसाची तूट काही सांगत नाही. पण महिनोन्महिने एकाच टाकीची तूट एकाच बाजूला झुकत असेल, तर तिथे कुदळ मारायला हरकत नाही. पेस्टचा रंग वारंवार बदलत असेल तर टाकीत पाणी शिरते आहे, आणि पाणी आत येते त्या वाटेने पेट्रोल बाहेरही जाते. तुमचा पंप बंद आहे, तेव्हा रजिस्टर मिळेल न मिळेल. टाक्यांचा नकाशा मात्र मिळायला हवा. ज्वलनशील द्रवांच्या साठ्याला परवाना देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे, आणि परवान्याबरोबर नकाशाही मंजूर झालेला असतो. त्यात टाक्या, भरण्याची तोंडे, पाइप कुठून गेले ते सगळे असते. गळती टाकीच्या पोटातून कमी आणि पाइपच्या सांध्यातून, यंत्राखालच्या जोडातून जास्त होते, म्हणून मला पाइपच्या रेघा अधिक महत्त्वाच्या. टाक्या काढून नेल्या की तशाच पुरल्या आहेत, तेही विचारा.

रेड हिलची दुसरी गोष्ट म्हणजे दिशेचे भांडण. डोंगराखालचे पाणी नेमके कुणीकडे वाहते यावर नौदल आणि तिथले आरोग्य खाते यांचे मत जुळेना. संगणकावरची नौदलाची प्रारूपे नियामकांनी नामंजूर केली. एवढ्या पैशाच्या आणि माणसांच्या बळावरही दिशा ठरत नव्हती. तुम्हाला-मला निदान तीन विहिरी तरी मोजाव्या लागणार.

पंपाच्या ओट्यावर एक खूण करा आणि तिला १०० मीटर धरा. सर्व्हेअरकडून तीन विहिरींच्या काठांची उंची त्या खुणेशी जुळवून घ्या आणि एकाच दिवशी, कोणाचीही मोटार चालू नसताना, पाणी मोजा. समजा शाळेजवळच्या विहिरीत पाणी ९६.१० वर आले, ओढ्याकाठच्या विहिरीत ९५.२० वर, आणि पंपाच्या आवारात घेतलेल्या बोअरमध्ये ९५.९० वर. पाहणारा म्हणेल, पाणी शाळेकडून पंपाकडे येते, शाळेला धोका नाही. पण पंपाच्या बोअरमध्ये पाण्यावर ६० सेंटिमीटर पेट्रोल तरंगते आहे. त्याच्या भाराने पाणी खाली दबले आहे. पेट्रोलची घनता पाण्याच्या पाऊणपट, म्हणून ६० सेंटिमीटरचे ४५ सेंटिमीटर पाणी धरायचे. खरी पातळी ९६.३५. आता उतार उलटा झाला, पंपाकडून शाळेकडे. ही चूक मी स्वतः एका ठिकाणी केली आहे. संध्याकाळी खोलीवर आकडे मांडताना लक्षात आले आणि सकाळी सरपंचांसमोर नकाशा फिरवून धरावा लागला.

आता माती. पंपाच्या आवारात टी-आकाराच्या मुठीचे मोठे गिरमिट घेऊन भोके पाडतो, दर अर्ध्या मीटरला माती वर काढतो. मागे एका बंद डेपोच्या कुंपणालगत असेच पाडले. पहिले दीड मीटर काळी चिकट माती, काही नाही. दोन मीटरवर मुरूम लागला. मुरूम पिवळट तपकिरी असायला हवा होता, हा आला हिरवट करडा, ओल्या पाटीसारखा. तेल खाणारे जिवाणू प्राणवायू संपवतात, मग मातीतल्या लोहाचा तांबूसपणा जातो. त्यातली मूठभर माती झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घातली. अर्धी माती, अर्धी हवा. पिशवी बंद करून दहा मिनिटे ठेवली, मग कोपऱ्यातून वायू मोजणाऱ्या पीआयडी यंत्राची सोंड आत सरकवली. वरच्या मातीला आकडा तीन-चारवर घुटमळत होता. या पिशवीला सहाशेच्या पुढे पळाला. तो आकडा म्हणजे बेंझीन नव्हे, वाफाळणाऱ्या सगळ्यांची मिळून हजेरी. पण पुढची कुपी कुठल्या खोलीवरची भरायची ते त्यावरून ठरते. बरोबरचा मजूर नाक दाबून म्हणाला, “साहेब, यंत्र कशाला?” त्याचे त्या दिवशी बरोबर होते. दोन भोके सोडून पुढे गेलो तर नाकाला काहीच कळत नव्हते आणि यंत्र ऐंशी दाखवत होते. हे हुंगणे मजुरालाही करू देऊ नये, मीही करू नये.

मुरुमाखाली दगड लागला की गावात कोणीतरी बोअरच्या गाडीला फोन करतो. थांबवा. ती गाडी दाबाच्या हवेने हातोडा चालवते. त्या हवेबरोबर जी वाफ मोजायची तीच उडून जाते. वर, पाषाणाचा जो पडदा वरचे घाण पाणी खालच्या चांगल्या पाण्यापासून वेगळे ठेवतो, तोच तुम्ही फोडता. निरीक्षणासाठी बोअर घ्यावाच लागतो, पण केसिंग पाषाणात बसवून भोवतीची फट बेंटोनाइट मातीने आणि सिमेंटने बुजवून, टप्प्याटप्प्याने. हे करणारा माणूस वेगळा असतो आणि फुटामागे पैसेही वेगळे घेतो.

तेल सापडले की कोणाचे, हा शेवटचा आणि कोर्टात टिकवायचा प्रश्न. गॅस क्रोमॅटोग्राफवर पेट्रोल आणि डिझेल यांचे आलेख एवढे वेगळे येतात की पोरही ओळखेल. वय सांगणे अवघड. डिझेलमधल्या सरळ साखळ्या जिवाणू आधी खातात, फांद्या असलेले प्रिस्टेन आणि फायटेन मागे राहतात. त्यांच्या प्रमाणावरून तेल ताजे की मुरलेले याचा अंदाज बांधतात, तारीख नव्हे. पेट्रोलला मात्र एक पक्की खूण आहे. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिशाविरहित पेट्रोल आले. तुमच्या मातीतल्या तेलात पेट्रोलमध्ये टाकायचे ते सेंद्रिय शिसे सापडले, तर तो भाग तरी पंचवीस वर्षांपूर्वीचा, आणि तेव्हा पंप कोणाच्या नावावर होता हे सातबारा आणि परवाना पाहून काढा.

नव्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, त्याने चित्र थोडे बदलते. जिवाणूंना इथेनॉल आधी आवडते. ते खाताना प्राणवायू संपतो आणि बेंझीन ताटात तसेच राहते, मग ते अधिक लांब जाते.

अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला करा, एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे केंद्राचे नियम जुलै २०२५मध्ये आले आहेत. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने द्यायची आणि प्राथमिक तपासणी मंडळाने करायची, असे त्यात आहे. अर्जाला काडीची गोष्ट जोडू नका, कुपीचा रिपोर्ट जोडा.

याच विषयावरचे आणखी दोन प्रश्न आले आहेत.

प्रश्न : असे पाणी उकळून प्यायले तर? किंवा आरओ बसवला तर?

उत्तर : उकळल्यावर बेंझीन पाण्यातून जाते ते तुमच्या स्वयंपाकघरात. श्वासावाटे घेतले तरी ते तेच. गरम पाण्याने बंद न्हाणीघरात अंघोळ करणेही म्हणूनच नको. आरओच्या पडद्यावर यासाठी भरवसा ठेवू नये. सक्रिय कोळशाचा फिल्टर थोडे प्रमाण असेल तर अडवतो, पण कोळसा भरला की निमूटपणे सोडून देतो आणि तो भरल्याचे डोळ्यांना दिसत नाही. तोवर टँकर.

प्रश्न : तेल खाणारे जिवाणू सोडून जमीन साफ होत नाही का?

उत्तर : आनंद मोहन चक्रवर्ती या मूळच्या बंगाली शास्त्रज्ञाने तसा जिवाणू घडवला आणि १९८०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला पेटंटही मान्य केले. आपल्याकडे ‘टेरी’ या संशोधन संस्थेचे ‘ऑइलझॅपर’ हे जिवाणूंचे मिश्रण तेलकट गाळावर वापरले जाते. उपसून पसरलेल्या मातीवर, नांगरून, खत-पाणी देऊन हे चांगले चालते. खडकाच्या भेगेत मुरलेल्या तेलापर्यंत जिवाणू पोचवायचे कसे, हाच प्रश्न असतो. खरे तर जिवाणू तिथे आधीपासूनच असतात, कमी पडतो तो प्राणवायू.

पहिल्या वाचकासाठी एवढेच : पाण्याची पातळी आता एकदा मोजा आणि मे महिन्याच्या शेवटी, कांद्याला पाणी देऊन मोटारी थंडावल्यावर, पुन्हा मोजा. दोरीला गाठी मारून नव्हे, टेपने. तिन्ही विहिरींचे आकडे आणि कुपीचा रिपोर्ट पाठवलात तर नकाशा मी काढून देतो.